डॅनियल सेल १.१० का दाखवत नाही, आणि कधीकधी उणे का दाखवतो

बारावीची प्रात्यक्षिकं सुरू झाली की दरवर्षी हा प्रश्न येतोच. डॅनियल सेल म्हणजे जस्ताची पट्टी झिंक सल्फेटमध्ये, तांब्याची कॉपर सल्फेटमध्ये, दोन्ही बीकरांत पाय सोडून बसलेला सॉल्ट ब्रिज, म्हणजे क्षाराच्या द्रावणाचा पूल, आणि व्होल्टमीटर. काटा हलतो, ०.६८ वर थांबतो. शेजारच्या टेबलावर ०.७२, पलीकडे ०.५. पुस्तकात छापलंय १.१० व्होल्ट. मग मुलं काय करतात? जर्नलात १.१० लिहितात. जरा मुरलेली मुलं १.०८ लिहितात, म्हणजे खरं वाटतं.

मी प्रयोगशाळेत उभं राहून हे इतक्यांदा पाहिलंय की आता जर्नल उघडायच्या आधी मी मीटरच बघतो. ते ०.६८ चुकीचं नसतं. सेल आणि मीटर मिळून तेवढंच देतायत, आणि का देतायत हे पंधरा मिनिटांत शोधता येतं. कुठून सुरुवात करायची तेवढं मात्र कळायला हवं, कारण बहुतेक जण भलतीकडूनच सुरुवात करतात.

द्रावण पुन्हा करायला धावू नका

पहिला संशय हमखास द्रावणावर. “सर, मोलॅरिटी चुकली असेल,” म्हणजे द्रावणाची तीव्रता. मग वजनकाट्यासमोर पुन्हा रांग आणि अर्धा तास गेला.

तीव्रतेवरून सेलचं विभव, म्हणजे व्होल्टेज, सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणाला जरा विचारून बघा. डॅनियल सेलमध्ये दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, म्हणून २५ अंश सेल्सिअसला तीव्रतेच्या गुणोत्तरात दहापट फरक पडला तर सेलच्या विभवात पडणारा फरक ०.०५९२ भागिले २, म्हणजे ०.०२९६ व्होल्ट. जेमतेम तीस मिलिव्होल्ट. आता १.१० वरून ०.६८ वर यायचं तर ०.४२ व्होल्टची तूट निव्वळ तीव्रतेतून काढावी लागेल. ०.४२ ला ०.०२९६ ने भागा, १४ च्या वर उत्तर येतं. म्हणजे झिंक आयन आणि कॉपर आयन यांच्या तीव्रतेत एकावर चौदा शून्यं इतका फरक हवा. वजन करताना कितीही झोपेत असलात तरी एवढी चूक होत नाही.

नेहमी होते ती चूकही मोजून टाकू. कॉपर सल्फेटचे निळे खडे, आपलं मोरचूद, पाण्याचे पाच रेणू धरून असतं. त्याचं मोलवस्तुमान २४९.७. एक मोलार द्रावण १०० मिली करायचं तर सुमारे २५ ग्रॅम घ्यायला हवं. पुष्कळ मुलं निर्जल क्षाराचं १५९.६ धरून १६ ग्रॅम घेतात. द्रावण ०.६४ मोलार होतं. विभवात फरक किती? सहा मिलिव्होल्ट. काट्याच्या मीटरवर तो दिसणारसुद्धा नाही. खताच्या दुकानातून झिंक सल्फेट आणलं असेल तर पाकिटावर २१ टक्के आहे की ३३ टक्के ते बघा. पहिल्यात पाण्याचे सात रेणू असतात, दुसऱ्यात एक. पण तिथे चुकलात तरी नुकसान तेवढंच, मिलिव्होल्टांचं. बोअरच्या पाण्याने द्रावण थोडं गढूळ झालं तरी १.१० चं ०.६८ होत नाही. डिस्टिल्ड वॉटर वापरावं हे बरोबरच, पण आजचा गुन्हेगार तो नव्हे.

आधी मीटर बदलून बघा

डिजिटल मल्टिमीटर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा पिवळा चालेल. तोच सेल, त्याच तारा, फक्त मीटर दुसरा. दहातल्या आठ वेळा पडद्यावर १.०६ ते १.०९ यातलं काहीतरी येतं आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कारण साधं आहे, फक्त ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात नसतं, भौतिकशास्त्राच्या असतं, आणि ते पुस्तक त्या दिवशी घरी राहिलेलं असतं. काट्याचा व्होल्टमीटर हलायलाच थोडा प्रवाह लागतो. तो प्रवाह सेलमधून, म्हणजे सॉल्ट ब्रिजमधूनही जातो. ब्रिजचा रोध जास्त असेल तर थोडे व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि उरलेले मीटरला मिळतात.

आकडे घालून बघू. समजा मीटरचा रोध ३००० ओहम आणि ब्रिजसकट सेलचा आतला रोध १८५० ओहम. एकूण ४८५०. प्रवाह १.१० भागिले ४८५०, म्हणजे सुमारे ०.२३ मिलिअँपिअर. मीटरवर पडतात ०.६८ व्होल्ट आणि ब्रिजमध्ये अडकतात ०.४२. आपली हरवलेली ०.४२ सापडली! डिजिटल मल्टिमीटरचा रोध बहुधा १ कोटी ओहमच्या घरात असतो. त्याच्यापुढे १८५० ओहम म्हणजे समुद्रात चूळ.

खात्री करायची असेल तर डिजिटल मीटर लावलेला असतानाच काट्याचा मीटरही त्याच दोन टोकांना समांतर जोडा. पडद्यावरचा १.०८ डोळ्यांदेखत घसरतो. काट्याचा काढला की पुन्हा वर. माझ्या मते हा खेळ मूळ प्रयोगापेक्षा जास्त शिकवतो. विद्युत विभवान्तर (प्रवाह चालू असताना टोकांवर मिळतं ते) आणि विद्युतगामक बल (प्रवाह न घेता सेल देऊ शकतो ते) यांतला फरक व्याख्येत जितका कंटाळवाणा वाटतो तितका इथे वाटत नाही.

मल्टिमीटरच्याही आपल्या खोड्या असतात. व्होल्टच्या खुणेशेजारी सरळ रेघ असलेल्या बाजूलाच बटण फिरवा. लाटेसारखी रेघ म्हणजे एसी, तिथे सेल शून्याच्या आसपास काहीतरी बरळेल. वीस व्होल्टच्या पट्ट्यावर १.०८ दिसेल, २००० मिलिव्होल्टवर १०८४. मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर आकडा भलताच, बहुधा वाढीव येतो. सेल १.४ दाखवायला लागला आणि तुम्ही हुरळून गेलात, तर आधी ती बॅटरी बदला.

ब्रिज: खरी मेख इथे आहे

डिजिटल मीटरवर १.०८ आणि काट्याच्या मीटरवर ०.६८, तर सेल ठणठणीत आहे, ब्रिज अशक्त आहे. आता तो सुधारायचा.

बऱ्याच ठिकाणी गाळणकागदाची पट्टी पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून वापरतात. ती चालते, पण अरुंद असते आणि दुपारच्या उन्हात पंख्याखाली मधला भाग वाळत जातो. म्हणून सकाळच्या बॅचला ०.८ आणि दुपारच्या बॅचला ०.५ येतं. एका पट्टीऐवजी दोन टाका, रोध निम्मा होतो. वरच्याच आकड्यांवर हिशेब केला तर काट्याच्या मीटरवर ०.६८ चं ०.८४ होतं, तीन पट्ट्यांनी ०.९१. हे मुलांकडून करून घ्या. द्रावण तेच, धातूच्या पट्ट्या त्याच, नुसता कागद वाढवला आणि व्होल्ट वाढले, हे एकदा बघितलं की ब्रिजचं काम काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

काम काय ते तरीही दोन वाक्यांत सांगतो, कारण “इलेक्ट्रॉन ब्रिजमधून जातात” हे उत्तर मी तोंडी परीक्षेत अजून ऐकतो. इलेक्ट्रॉन जातात ते बाहेरच्या तारेतून. जस्ताच्या बीकरात झिंक आयन वाढत जातात, तांब्याच्या बीकरात कॉपर आयन कमी होत जातात, आणि हा विद्युतभाराचा तोल सांभाळायला ब्रिजमधून क्लोराइड एकीकडे व पोटॅशियम दुसरीकडे सरकतं. ही सरकण्याची वाट अरुंद असली की रोध वाढतो. पोटॅशियम आणि क्लोराइड हीच जोडी का, तर दोघांचा पाण्यातला वेग जवळपास सारखा असतो, त्यामुळे सांध्यावर फुकटचं विभव तयार होत नाही.

यू आकाराची नळी असेल तर उत्तम. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच अगर-अगर. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम उकळून विरघळवा, त्यात पोटॅशियम क्लोराइड भरपूर घाला, गरम असतानाच नळीत ओता आणि थंड होऊ द्या. ओतताना बुडबुडा राहिला तर सगळं मुसळ केरात. हवेतून आयन जात नाहीत. बाहेरून नळी छान भरलेली दिसते, रीडिंग मात्र शून्य किंवा नाचरं. नळी उजेडासमोर धरून बघा.

शाळेत यातलं काहीच नसेल तर समईची जाड वात मिठाच्या संपृक्त पाण्यात भिजवून टाका. मी गंमत करत नाहीये, जस्त-तांब्याच्या सेलला ती मजेत चालते. एकच पथ्य: दोन्ही बीकरांतली पातळी सारखी ठेवा. एकीकडे पातळी जास्त असली की वात तिकडचं पाणी खेचून दुसरीकडे नेते. तासाभरात निळं द्रावण जस्ताच्या बीकरात पोचतं, पट्टीवर काळपट-तपकिरी मऊ थर चढतो आणि रीडिंग हळूहळू खाली यायला लागतं. “सुरुवातीला बरोबर येत होतं, मग उतरलं” अशी तक्रार असेल तर सर्वात आधी जस्ताची पट्टी बाहेर काढून रंग बघा.

सिल्व्हर नायट्रेटचा सेल करणार असाल तर पोटॅशियम क्लोराइडचा ब्रिज चालणार नाही. क्लोराइड आणि चांदीचा पांढरा साका ब्रिजच्या तोंडाशीच बसतो आणि वाट बुजते. तिथे पोटॅशियम नायट्रेट.

पट्ट्या आणि क्लिपा

डिजिटल मीटरवरही ०.८ किंवा ०.९ येतंय? मग आता धातूंकडे वळा.

जस्ताची पट्टी वर्षभर ट्रेमध्ये पडून राखाडी झालेली असते. तो ऑक्साइड आणि कार्बोनेटचा थर. पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पाण्याने धुवा, लगेच वापरा. तांब्याला काळा किंवा हिरवा थर आला असेल तर तेच. पट्टी खरंच तांब्याची आहे ना, हेही बघा. भंगारातून आणलेली “तांब्याची” पट्टी पितळेची निघाल्याचं मी पाहिलंय. घासली की पिवळी झाक लपत नाही.

दुसरा दोष लक्षात यायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. मुलं क्रोकोडाइल क्लिप पट्टीला लावतात आणि पट्टी बीकरात इतकी खोल सोडतात की क्लिपचे दात द्रावणात बुडतात. क्लिप असते लोखंडाची, वर निकेलचा पातळ मुलामा. कॉपर सल्फेटमध्ये बुडालेलं लोखंड स्वतःच विरघळायला लागतं आणि त्याच्यावर तांबं चढतं. आता त्या बीकरात एक इलेक्ट्रोड नाही, दोन आहेत, एकमेकांना तारेने बांधलेले, आणि मीटर दाखवतो तो दोघांच्या ओढाताणीतून निघालेला आकडा. तांब्याचं प्रमाण विभव अधिक ०.३४, लोखंडाचं उणे ०.४४. ओढाताण कोणत्या दिशेने होणार ते उघड आहे. क्लिप बाहेर काढल्यावर दातांवर गुलाबी-लालसर थर दिसला तर चोर सापडला. त्या वर्षी मी पाठोपाठ तीन बॅचेसना नवी द्रावणं करायला लावली होती, आणि दोष क्लिपांचा होता.

ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम घेऊन सेल करणाऱ्यांनी पुस्तकातला आकडा मिळवण्याचा हट्ट सोडावा. ॲल्युमिनियम-तांबं कागदावर २.०० व्होल्ट, मॅग्नेशियम-तांबं २.७१. प्रत्यक्षात दोन्हीकडे पुष्कळ कमी येतं. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा घासला तरी क्षणात परत येतो, आणि मॅग्नेशियम सेलचं काम सोडून पाण्याशीच खेळत बसतं, पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे दिसतात. तिथे कमी रीडिंग हेच बरोबर रीडिंग.

रीडिंग शून्यच

मंडल कुठेतरी तुटलंय. ब्रिजमधला बुडबुडा वर सांगितला. ब्रिजचं एक टोक द्रावणाच्या वर लोंबकळतंय, हे त्याहून जास्त वेळा. आणि एक खास आपल्याकडचं कारण: तांब्याची पट्टी मिळाली नाही म्हणून कुणीतरी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणतो. छान लालसर चकाकते. ती चकाकी एनॅमलच्या लेपाची असते, आणि त्या लेपातून वीज जात नाही. ब्लेडने खरवडली की सेल चालू.

दोन्ही पट्ट्या एकाच बीकरात घातल्या असतील तर रीडिंग सुरुवातीला मिळेल, पण जस्त थेट कॉपर आयनांना इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं. मग तारेतून जायचं कारणच काय? जस्त काळं पडतं, निळा रंग फिकट होतो, बीकर किंचित गरम लागतो. अभिक्रिया तीच, ऊर्जाही तेवढीच, फक्त विजेऐवजी उष्णता झाली. १८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन फ्रेडरिक डॅनियलने दोन द्रावणं एकमेकांपासून वेगळी ठेवली, त्यातली अर्धी हुशारी हीच होती.

उणे १.०९: सेल उलटा झालाय का?

नाही. सेल बरोबर आहे, तारा उलट आहेत. लाल तार जस्ताला लागलीय. काट्याच्या मीटरवर असं झालं तर काटा शून्याच्या मागे जाऊन अडकतो आणि मुलं घाबरतात. डिजिटल मीटर उणे चिन्ह दाखवून मोकळा होतो. अनोळखी सेल असेल तर हे चिन्हच तुमचा वाटाड्या: आकडा धन आला तर लाल तार जिथे आहे तो कॅथोड (इलेक्ट्रॉन घेतले जातात ती पट्टी), उणे आला तर तो ॲनोड (इलेक्ट्रॉन दिले जातात ती).

पण तारा चुकतात कशा, हे विचारा. मी विचारलं, आणि एका मुलीने दिलेलं उत्तर मला आजवर पुरलंय. ती म्हणाली, “सर, जस्त ॲनोड. ॲनोड म्हणजे धनाग्र. धन म्हणून लाल तार लावली.” तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. शब्दानेच तिला फसवलं होतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. तिथे उदाहरणं असतात विद्युत अपघटनाची: तांब्याचं शुद्धीकरण, मुलामा देणं. त्यात बाहेरची बॅटरी ॲनोडला धन ठेवते, म्हणून नाव शोभून दिसतं. अकरावी-बारावीत गॅल्व्हानी सेल, म्हणजे डॅनियलसारखा स्वतः वीज देणारा सेल, येतो आणि तिथे ॲनोड ऋण असतो. मग “धनाग्र ऋण असतं” असं एक वाक्य तयार होतं, जे पाठ करता येतं पण समजत नाही. इंग्रजी माध्यमातली मुलंही इथे गोंधळतात, पण त्यांच्या शब्दात निदान चिन्ह कोरलेलं नाही.

मूळ शब्दात चिन्ह नव्हतंच. १८३४ मध्ये मायकेल फॅरडेला अशी नावं हवी होती जी विजेबद्दलची मतं बदलली तरी टिकतील. त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र लिहून विचारलं. ग्रीकमधून ॲनोड आणि कॅथोड ठरले: वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. कल्पना सूर्याची होती. विद्युतप्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतोय असं धरलं तर प्रवाह द्रावणात शिरतो ती बाजू सूर्य उगवतो तिकडची, आणि बाहेर पडतो ती मावळतीची. म्हणजे आपल्याला खरं तर उगवत आणि मावळत म्हणता आलं असतं. धन-ऋणापेक्षा शंभरपट बरं झालं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उगवत-मावळत धरून बघा. डॅनियल सेलमध्ये बाहेरच्या तारेत रूढ प्रवाह (इलेक्ट्रॉनांच्या उलट दिशेने धरतात तो) तांब्याकडून मीटरमधून जस्ताकडे येतो आणि जस्तापाशी द्रावणात शिरतो. उगवत जस्ताशी, म्हणून जस्त ॲनोड. विद्युत अपघटनात बॅटरीचं धन टोक ज्या पट्टीला लावलंय तिथून प्रवाह द्रावणात शिरतो, म्हणून ती ॲनोड. चिन्हं उलटली, उगवत तिथेच राहिली. आणि दोन्ही ठिकाणी ॲनोडवर ऑक्सिडीकरणच होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडले जातात.

घरातला इन्व्हर्टर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. त्यातल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या टोकावर अधिकची खूण कोरलेली असते आणि ती कधी बदलत नाही. वीज गेली, बॅटरी पंखा चालवतेय, तेव्हा त्या अधिक पट्टीवरचं लेड डायऑक्साइड इलेक्ट्रॉन घेतं, क्षपण होतं, ती पट्टी कॅथोड. वीज आली, चार्जिंग सुरू, त्याच पट्टीवर आता ऑक्सिडीकरण, तीच पट्टी ॲनोड. पट्टी एक, खूण एक, नावं दोन. अधिक-उणे टोकाला चिकटलेलं असतं, ॲनोड-कॅथोड त्या क्षणी चाललेल्या कामाला.

लक्षात ठेवायला एक युक्ती सांगतो. इंग्रजीतल्या बैलांच्या आणि मांजरांच्या युक्त्या (An Ox, Red Cat) आपल्याला लागत नाहीत. ॲनोड आणि ऑक्सिडीकरण दोन्ही स्वराने सुरू होतात. कॅथोड क ने, आणि क्षपणातल्या क्ष मध्ये क लपलेला आहेच. स्वराला स्वर, क ला क्ष. “क्षपण म्हणजे क्षय, मग इलेक्ट्रॉन कमी व्हायला हवेत ना?” असं कुणी विचारलं तर शंका रास्त आहे म्हणा. कमी होतो तो ऑक्सिडीकरणांक, म्हणजे अणूवरचा हिशेबी विद्युतभार. इलेक्ट्रॉन ऋण असतो, तो आला की अंक खाली येतो. कर्ज वाढलं की शिल्लक घटते तसं.

मीटर बरोबर, वहीत मात्र चूक

इथे फार रेंगाळत नाही, पण तीन चुका इतक्या ठरलेल्या आहेत की उत्तर बघूनच कोणती केली ते सांगता येतं.

उत्तर उणे ०.४२ आलं, तर ०.३४ मधून उणे ०.७६ वजा करताना एक उणे हरवला. उजवीकडचं क्षपण विभव वजा डावीकडचं क्षपण विभव, आणि कंसासकट लिहा: ०.३४ − (−०.७६).

ॲल्युमिनियम-तांब्याचं उत्तर ४.३४ आलं, तर इलेक्ट्रॉन सारखे करायला अर्धअभिक्रिया २ आणि ३ ने गुणल्या आणि त्याच झोकात विभवही गुणली. विभव गुणायचं नसतं. एक बादली असो की दहा, पाण्याची उंची तीच. ऊर्जा गुणली जाते, व्होल्ट नाही. उत्तर २.००. तिथे इलेक्ट्रॉनांची संख्या मात्र ६ धरायची, कारण नर्न्स्टमध्ये ती भागाकारात बसते.

तीव्रता बदलल्यावर विभव वाढायच्या ऐवजी घटलं, तर लॉगमधला अपूर्णांक उलटा झाला. वर उत्पादित, म्हणजे झिंक आयन. खाली अभिकारक, म्हणजे कॉपर आयन. झिंक ०.०१ आणि कॉपर १ मोलार घेतलं तर १.१६ यायला हवं, १.०४ नाही. “उन्हाळ्यात लॅबमध्ये चाळीस अंश असतात, म्हणून चुकलं” हा बचाव ऐकायला छान आहे, पण ४० अंशांना ०.०५९२ च्या जागी सुमारे ०.०६२ येतं. त्याने काही बिघडत नाही.

लिंबाचं काय?

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री विचारला जाणारा प्रश्न: “बारा लिंबं लावली, टॉर्चचा बल्ब पेटत नाही.” पेटणारही नाही. जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांबं खोचलेल्या एका लिंबातून व्होल्ट मिळतो एकाच्या आसपास, पण प्रवाह मिलिअँपिअरच्या आतबाहेर, आणि टॉर्चच्या जुन्या बल्बला शेकडो मिलिअँपिअर लागतात. लाल एलईडी घ्या, तिला १.८ व्होल्टच्या आसपास पुरतात, तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडली की अंधाऱ्या खोलीत मंद उजळते. उजळली नाही तर तिचे पाय उलटे करून बघा. खिळा जस्ताचा मुलामा असलेला हवा, साधा लोखंडी असेल तर व्होल्ट कमी मिळतात. आणि फलकावर “लिंबातून वीज” लिहू नका. विरघळतं ते जस्त. तांब्यावर क्षपण होतं ते लिंबाच्या आम्लातल्या हायड्रोजन आयनांचं, तांब्याचं नव्हे. परीक्षकाने हे विचारलं आणि मुलाने सांगितलं तर बक्षीस तिथेच पक्कं.

दरवर्षी हेच का होतं

कारण प्रयोग संपल्यावर सेल कसा मोडायचा हे कुठल्याच जर्नलात लिहिलेलं नसतं. घंटा होते, मुलं पळतात, ओल्या पट्ट्या एका ट्रेमध्ये, जस्त आणि तांबं एकमेकांना चिकटून. तो ओला ढीग स्वतःच एक सेल असतो. रात्रभर जस्त झिजतं आणि त्यावर थर चढतो. गाळणकागदाच्या पट्ट्या वाळून मिठाच्या कडक फिती होतात, आणि पुढच्या बॅचला त्याच उचलून दिल्या जातात.

आता मी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवतो. पट्ट्या धुवायच्या, पुसायच्या, जस्त एका डब्यात, तांबं दुसऱ्या. क्लिपांचे दात बघायचे, लाल झालेली क्लिप वेगळी काढायची. कॉपर सल्फेट मोरीत ओतायचं नाही, बाटलीत परत घालून वर “डॅनियल” अशी चिठ्ठी, ते पुढच्या वर्षीही चालतं. यू नळीची दोन्ही टोकं पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवायची, कोरडी पडली की अगर आक्रसतं आणि काचेपासून सुटतं. काट्याचे मीटर मी फेकलेले नाहीत. प्रत्येक टेबलावर एक काट्याचा आणि एक डिजिटल असतो, आणि जर्नलात रीडिंगसाठी दोन रकाने आखून घेतलेत.